तीसची हवा

कुलदीप दुकानात शिरला तेव्हाच माझं डोकं दुखायला लागलं. दोन महिन्यांतली ही त्याची नववी फेरी होती आणि प्रश्न तोच होता: टायर कोणते घ्यायचे. येरमाळ्याला हायवेलगत माझं टायरचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या, टेम्पो, देवीला आलेल्या लोकांच्या जीपा, सगळ्यांचे टायर मी बदलतो. माणूस येतो, साइज सांगतो, चहा पितो, टायर घालून जातो. कुलदीपचं तसं नव्हतं. तो मोबाइल काढायचा, कुठल्या तरी परदेशी माणसाचा टायरवरचा व्हिडिओ लावायचा आणि भुवईवरची जुनी खूण खाजवत माझ्या तोंडाकडे बघत बसायचा.

पवनचक्कीच्या कंपनीत इंजिनिअर आहे तो. जुनी पण टकाटक गाडी घेतली आणि त्याला ट्रॅक डेचं वेड लागलं. पुण्याकडे एक खासगी ट्रॅक आहे. तिथे रविवारी हौशी लोक आपापल्या रोजच्या गाड्या घेऊन जमतात, हेल्मेट घालतात आणि पाळीपाळीने वळणावळणाच्या रस्त्यावर पळवतात. बक्षीस नाही, हारतुरे नाहीत. आपलीच वेळ आपण कमी करायची, एवढंच. आणि सोमवारी त्याच गाडीतून बाजारहाट करायचा. म्हणून तर टायरचा एवढा घोळ.

खरं तर पहिल्याच दिवशी मी त्याला सगळं सांगितलं होतं. कडक रबराचा टायर वर्षानुवर्षं टिकतो, पण वळणावर घसरतो. रेसचा टायर, जवळजवळ नक्षी नसलेला, कोरड्या ट्रॅकला चिकटून पळतो, पण पावसात येडशीच्या वळणांवर तोच तुला शेतात नेऊन घालेल. तुझ्यासाठी मधला: मऊ रबराचा, रस्त्यावरचाच, गाडीच्या मूळ मापाचा. लवकर झिजेल, झिजू दे.

हो म्हणाला, घरी गेला, आणि तिसऱ्या दिवशी हजर. जरा रुंद घातला तर? मडगार्डला घासेल, म्हटलं. मग आठवड्याने, रेसचे चार वेगळे घेऊन डिकीत न्यावेत का? त्या डिकीत धड दोन मावत नाहीत. मग मधल्यातला हा, की मधल्यातला तो? नवव्या फेरीला मी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणालो, आता एक तर टायर घे, नाहीतर याच दुकानात नोकरी धर. तो हसला आणि एकदाचे मऊ रबराचे चार टायर ठरवून गेला.

टायर सोलापूरहून आले. गुरुवारी मी ते चढवले, बॅलन्सिंग केलं आणि एका कागदावर ठळक लिहून डॅशबोर्डला चिकटवलं: टायर थंड असताना हवा तीस. ट्रॅकवर टायर तापला की हवा आपोआप वाढते, तेव्हा थोडी सोडायची. कुलदीपला फोनवर बजावलं की दोन महिने रबर निवडलंस, आता ट्रॅकवर उतरण्याआधी दोन मिनिटं हवा बघ. तो हो हो म्हणाला.

कुलदीप गाडी न्यायला यायच्या आधी त्याचे वडील आले, आण्णासाहेब. त्यांनी येरमाळा ते कळंब तीस वर्षं काळी-पिवळी जीप चालवली, आणि मी पंक्चर काढायला शिकलो ते त्यांच्याच जीपवर. बाकड्यावर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "गौरीशंकर, पोराची गाडी कमी पळंल असला टायर घाल की."

मी कपाळावर हात मारला. कडक टायरने गाडी कमी पळत नाही, ती फक्त उशिरा थांबते, हे तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला मी सांगायचं? तरी सांगितलं. ते उठले, चाक खोलायची माझी लोखंडी टॉमी उचलली आणि पुढच्या टायरवर हाणली.

जुने जीपवाले, ट्रकवाले हवा अशीच बघतात. टायर टण्ण वाजला तर हवा आहे, ढप वाजला तर कमी आहे. त्यांच्या जाड, कडक टायरांना ते लागूही पडतं. हा मऊ टायर तीसच्या हवेला ढपच वाजणार. वाजला. आण्णांचा चेहरा उतरला. मी हवा मोजायचा गेज लावून दाखवला, हीच हवा बरोबर आहे म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे पटलं, असं मी धरून चाललो, ती माझी चूक.

रविवारी दुपारी कुलदीपचा फोन आला. दुसऱ्याच चकरेला, लांबलचक वळणावर गाडीची मागची बाजू सुटली, गाडी दोनदा गरगरली आणि मातीत जाऊन थांबली. त्याला खरचटलंही नव्हतं. पण ट्रॅकवाल्यांनी उरलेला दिवस त्याला बाजूला बसवलं. टायर भंगार आहेत, बदलून द्या, असं तो सांगत होता. मला. नऊ फेऱ्या सोसलेल्या माणसाला. फोन ठेवला आणि मी जेवणाच्या ताटावरून उठलो. रागानेच, असं मी बायकोला सांगितलं.

सोमवारी सकाळी गाडी आली, शेजारच्या सीटवर आण्णा. कुलदीपचं तोंड चालू होतं, माझं लक्ष नव्हतं. मी खाली बसून गेज लावला. चव्वेचाळीस. चारही चाकांना चव्वेचाळीस. ट्रॅकवर तापल्यावर पन्नासच्या पुढे गेली असणार. असा फुगलेला टायर मधल्या पट्टीवरच टेकतो आणि वळणावर सुटतो, मग रबर कितीही निवडून आणा. ट्रॅकवर उतरताना हवा बघितलीस का, मी विचारलं. तो डॅशबोर्डच्या कागदाकडे बघायला लागला. तुम्हीच तर भरली होती, म्हणाला. गाडी जरा उसळत होती, पण तो म्हणे नव्या टायरचा गुण वाटला. दोन महिने या माणसाने रबराचा अभ्यास केला आणि दोन मिनिटं गेज लावला नाही. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"मग चव्वेचाळीस भरली कुणी?" त्याने विचारलं.

आण्णा अजून सीटवरच होते. दार उघडं, पाय बाहेर, टोपी हातात. "म्या," ते म्हणाले. "शुक्करवारी पंपावर नेली व्हती. टण्ण वाजंस्तवर भरली."

कुलदीप लालबुंद झाला. पण आण्णा थांबले नाहीत.

"जीपचा टायर फुटला तवा तू माझ्या मांडीपाशी बसला व्हतास. पाच वर्साचा. त्या दिशी सकाळी टायर ढप वाजला व्हता. मला ऐकू आलं व्हतं. म्हटलं, कळंबावरनं आल्यावर भरू."

कुलदीपचा हात भुवईवर गेला. टायर फुटला, जीप चारीत गेली, त्यात त्याची भुवई फुटली, एवढं त्याला ठाऊक होतं, मलाही होतं. सकाळच्या त्या आवाजाचं आम्हा दोघांनाही आज कळत होतं. इतकी वर्षं आण्णांनी ते एकट्याने मनात ठेवलं होतं. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. मी चारही चाकांची हवा तीसवर आणली.

महिन्याने पुढचा ट्रॅक डे होता. निघताना दोघं दुकानात आले. आण्णा हवा बघायला बरोबर येताहेत, असं कुलदीपने सांगितलं. मी आण्णांच्या हातात नवा गेज दिला, लावायला शिकवला. त्यांनी चारही चाकं बघितली. तीस, तीस, तीस, तीस. सुटलो म्हणून मी हात पुसले, तर त्यांनी टॉमी मागितली. आता गेज असताना टॉमी कशाला, मी वैतागून विचारलं. त्यांनी स्वतःच उचलली आणि हाणली. ढप.

"ह्यो बरोबरचा आवाज म्हणतूस न्हवं?"

"व्हय, आण्णा."

"मग ध्यानात ठिवू दे."

पुढचं चाक, मागचं चाक, पलीकडची दोन्ही, आणि पुन्हा पहिल्यापासून. दर ठोक्याला कान टायरपाशी. दारात उसाची ट्रॉली खोळंबली होती, ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, पुण्याला पोचायला उशीर होत होता. कुलदीप हेल्मेट मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला होता.

"होऊ द्या, आण्णा," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या."