डोमितिलाच्या हाताचा गुण

"हिलाच विचारा ना! त्याला सगळी इंजेक्शनं हिनंच दिलीत!" असं म्हणत युफेमियानं डोमितिलाला दंडाला धरून अंगणात ओढलं. डोमितिला हिरवी केळी सोलत होती, बोटांना चीक तसाच होता. समोर अमेरिकेहून आलेला पत्रकार घाम पुसत बसला होता आणि शेजारी राजधानीतून आणलेली दुभाषी मुलगी.

युफेमियाचा मुलगा रादामेस याच गल्लीत मोठा झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरलं ते डोमितिलानं, म्हणून ती त्याची धर्ममाता. अमेरिकेत वीस वर्षं बेसबॉल खेळून त्यानं पाचशेच्या वर होमरन मारले, थेट मैदानाबाहेर जाणारे टोले. आता एकच राहिलं होतं. बेसबॉलमधल्या थोरांच्या दालनात ब्राँझच्या पाटीवर त्याचा चेहरा लागायचा होता. त्यासाठी पत्रकार मतं देतात, शंभरात पंचाहत्तर लागतात, आणि दहा वर्षांत नाही मिळाली तर नाव कायमचं यादीतून जातं. गेल्या वर्षी त्याला सत्तर मिळाली होती. हे दहावं वर्ष.

अडलं होतं ताकद वाढवणारी, बंदी असलेली औषधं घेतल्याच्या संशयावर. एकाही तपासणीत तो सापडला नव्हता, पण वयाच्या बत्तिसाव्या वर्षानंतर माणूस अंगानं दुप्पट कसा होतो, असं लोक विचारत.

"कसली इंजेक्शनं?" दुभाषी मुलीनं विचारलं.

"व्हिटॅमिनची! दुसरी कसली?" युफेमिया कडाडली. "दर हिवाळ्यात घरी यायचा, दमलेला असायचा. माझ्याच खाटेवर पालथा पडायचा आणि ही द्यायची. लपवायचंय काय त्यात?"

आणि तिच्या दृष्टीनं खरंच काही नव्हतं. या गावात अशक्तपणा आला की माणूस औषधाच्या दुकानातून बाटली आणि सुई घेतो आणि डोमितिलाचं दार वाजवतो. साखर कारखान्याच्या दवाखान्यात ती कधीकाळी मदतनीस होती, तेवढंच तिचं शिक्षण. पण हाताला गुण होता. असली सरळ बाई साक्षीला उभी केली की संशय संपला, असं युफेमियाला वाटलं. बिचारीला कळलंच नाही, की इंजेक्शनांची गोष्ट तोवर जगात कुणाला ठाऊकच नव्हती.

पत्रकार डोमितिलाकडे वळला. बोलायला फार गोड होता. "तुमच्या हाताचं सगळे कौतुक करतात," त्यानं मुलीकडून म्हणवलं. "औषध पातळ होतं का? सोपं काम असेल."

सोपं म्हटल्यावर डोमितिलाला राहवलं नाही.

"सोपं? पातळ औषध कुणीही देईल! ते घट्ट होतं, पिवळं, तेलासारखं. दहा मिनिटं मुठीत धरून ऊब द्यायची, मग जाड सुई, आणि दाबायचं हळूहळू. अंगठा भरून यायचा माझा. घाई केली की गाठ येते. चाळीस वर्षांत माझ्या हातून एकालाही गाठ आली नाही. लिहा हे."

त्यानं लिहिलं.

ताकदीचं व्हिटॅमिन लाल असतं आणि पाण्यासारखं सरकतं, हे डोमितिलाला ठाऊक होतं. तिच्या अंगठ्याला तर चांगलंच ठाऊक होतं. रादामेसला कसरत शिकवणारा किको त्या बाटल्या आणायचा, वरची चिठ्ठी खरवडलेली असायची. एकदा तिनं विचारलं, तेव्हा किको हसला होता. "तिकडचं व्हिटॅमिन असंच असतं, बाई." तिनं ऐकून घेतलं. तेलातलीही व्हिटॅमिनं असतात म्हणे. पण पुन्हा विचारलं नाही, हे खरं.

रविवारी ते सगळं छापून आलं. पत्रकारांची मतं अजून जायची होती.

बदामाच्या झाडाखाली डॉमिनो खेळणाऱ्यांत दोन तट पडले.

"त्या काळात सगळेच घ्यायचे. बॉल टाकणारेसुद्धा!"

"मग सगळ्यांचेच चेहरे काढा भिंतीवरनं."

"आणि ज्यानं नाही घेतलं, घरी बसला, त्याचं काय? त्याची पाटी कुठं लावणार? तुझ्या संडासात?"

डोमितिला जवळून गेली की सोंगट्यांचा आवाज थांबायचा.

जानेवारीत निकालाच्या संध्याकाळी युफेमियाच्या अंगणात टीव्ही मांडला होता. तांदूळ, वाटाणे, कोंबडी, सगळं शिजलं होतं. डोमितिला मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी खुर्ची दिली नाही. पडद्यावर आकडा आला, एकोणपन्नास. बायकांनी जेवण वाढायला घेतलं, कारण शिजलं होतं.

रादामेस पुढच्या खुर्चीवरून उठला आणि सगळ्यांच्या देखत भिंतीपाशी आला. आता हा चारचौघांत जाब विचारणार, असं डोमितिलाला वाटलं. पण लहानपणापासून करायचा तसंच त्यानं केलं, मान खाली घातली.

"आशीर्वाद, धर्ममाय."

"देव तुझं भलं करो, बाळा."

"खरंच घट्ट होतं का गं ते?" त्यानं हळूच विचारलं. "मी कधी पाहिलंच नाही. उशीत तोंड असायचं माझं."

तो विचारतोय, की नाही म्हण म्हणून विनवतोय, हे तिला कळेना. त्या क्षणी खोटं बोलायलाही ती तयार होती. पण आता ते खोटं कुणाच्या उपयोगाचं होतं? "मला माफ कर," एवढंच ती म्हणाली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात भला मोठा आणि जड होता. मग तो आत गेला.

युफेमियाला मधुमेह होता. रोज सकाळी सहाला तिला इन्शुलिन द्यायला डोमितिला जायची, आणि सुई आत-बाहेर होईपर्यंत युफेमियाची टकळी चालू असायची. ते छापून आलं त्या रविवारपासून तिनं एक शब्द काढला नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ, शिव्या देणार कुणाला? निकालाच्या दुसऱ्या सकाळी जावं की नाही, यात डोमितिलाची रात्र गेली. पण सुई चुकवून चालत नाही.

दार उघडं होतं. युफेमिया खुर्चीवर बाही वर करून बसली होती, तोंड भिंतीकडे. डोमितिलानं हात धुतले, बाटली उचलली, आणि चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. दारातल्या उजेडात बाटली धरून वरची चिठ्ठी एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचली.

"इन्शुलिन."

युफेमियानं मान वळवली नाही. हात मात्र तसाच पुढे धरलेला होता.