आवाज पोचेल तितका ओटा

माझी लेक अपर्णा बागांचे नकाशे काढते. नव्या रायपुरात तिचं ऑफिस आहे. आमच्या कॉलनीची बाग नव्याने करायचं काम तिलाच मिळालं, तेव्हा रेल्वेतून रिटायर झालेला मी महिनाभर छाती फुगवून फिरलो.

बागेत कडुनिंबाभोवती सिमेंटचा ओटा होता. वर्षावासाचे, म्हणजे आषाढ ते आश्विन पौर्णिमेचे, तीन महिने कॉलनीतल्या बाया संध्याकाळी तिथे धम्मग्रंथाच्या वाचनाला जमायच्या. वाचायची माझी बायको, शांता. शिकलेली चौथीपर्यंत, पण बारा वर्षं तिने दरवर्षी आश्विन पौर्णिमेच्या आत ग्रंथ पुरा केला होता. गुडघ्यांमुळे तिचं बाकी कुठे जाणं राहिलं नव्हतं. तिला जग म्हणून तेवढा ओटाच होता.

अपर्णाने तो फोडला. सिमेंटने झाडाची मुळं गुदमरतात, म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिथे हिरवळ आली, कारंजं आलं, फिरायच्या वाटेवर आठ बाक आले, एकमेकांपासून लांब लांब. लोक तिचं नाव काढू लागले.

आषाढ पौर्णिमेला शांता ग्रंथ घेऊन गेली. बाया दोन-दोन करून बाकांवर बसल्या. ही वाचत होती आणि कारंजं तिच्यावर आवाज चढवत होतं. पंधराव्या दिवशी पंधरा जणींच्या चार उरल्या, मग शेजारची नीलिमा एकटी, मग तीही नाही. शांताने ग्रंथ कपाटात ठेवून दिला.

"पोरीले सांगत काहून नाहीस?" मी विचारलं.

"तिचं नाव झालं न इथं. मी काहून पाणी फेरू त्याच्यावर? तिनं विचारलं तर गुडघे दुखते म्हणा."

मी कसला गप्प बसतो! रविवारी अपर्णा आली तेव्हा चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं. ती गोरीमोरी झाली.

"आई, आठ बेंच दिए हैं न! सोळा जणी बसतात."

"बसाची जागा हाय, बेटा," शांता म्हणाली. "आयकाची नाही."

अपर्णाने चहा तसाच ठेवला. गाडीतून टेप आणि चुन्याची पिशवी काढली. "आई, ग्रंथ घे. चल."

बागेत तिने आधी कारंजं बंद केलं. शांताला निंबाखाली खुर्चीवर बसवून, नेहमीच्या आवाजात वाच, म्हणाली. स्वतः एकेक पाऊल मागे सरकत गेली. शब्द कळेनासा झाला की थांबायची, एक पाऊल पुढे येऊन चुना टाकायची. असं चहूबाजूंनी केलं. टेप लावली. तेरा फूट.

"तेराच?" मी म्हणालो. "माह्यावर चिडली की आवाज दोन गल्ल्या पलीकडं जातो."

शांताने चष्म्यावरून पाहिलं, पण वाचन थांबवलं नाही.

"बाबा, वाचनाच्या वेळी कारंजं बंद ठेवायला सांगते. खोडापाशी माती उघडी ठेवीन. ओटा या रेषेवर, गोल. पण मंजुरीला दिवाळी उजाडेल."

आश्विन पौर्णिमा तर दिवाळीच्या आधी. माझं तोंड उतरलं. तेवढ्यात नीलिमा घरातून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली आणि चुन्याच्या रेषेवर मांडून बसली. मग दुसरी आली, तिसरी आली. अंधार पडेपर्यंत गोल भरला.

"रोज दुप्पट पानं वाचाव लागन," शांता म्हणाली. "चालन?"

"हव," बाया म्हणाल्या.

अपर्णा टेप गुंडाळत रेषेच्या बाहेर उभी होती. शांताने पानावर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"आत ये," ती म्हणाली. "तिथं आयकू येत नाही."