कवटीच्या पाटीमागचा खाऊ

मामांच्या सुतारकामाच्या कारखान्यात नवा रंधा आणि मोठी करवत आली, तसं भाचीला बोलावणं गेलं. विजेच्या फिटिंगची कामं ती स्वतः घ्यायची. मोटारी वाढल्या की सगळीच वीज कामाला लागत नाही. काही नुसतीच तारांमधून येरझाऱ्या घालते. ते हेलपाटे वाचवायला मोटारींजवळच कपॅसिटर बसवतात. जुने आता पुरत नव्हते.

"नवे बसव, पण जुनी पेटी उघडू नकोस," मामा दारातच म्हणाले.

भाचीने अर्थातच आधी तीच उघडली. कपॅसिटरच्या खाली क्रीमच्या बिस्किटांचे पुडे! डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून मामा रोज दुपारी "पॅनेल बघून येतो" म्हणायचे, ते हे असं. पेटीवर कवटीचं चित्र, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नव्हतं.

तिला हसू आलं नि घामही फुटला. स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते, ती उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नसतो, हे तिने मामांना चांगलंच सुनावलं. मामा खाली मान घालून ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, मामीला सांगू नकोस.

तिने नवी पेटी लावली. मोटारी सुरू होतील तसतसे कपॅसिटर आपोआप जोडणारी, वर भक्कम कुलूप. जुनीतले कपॅसिटर नि तारा सोडवून ती पेटी, बिस्किटांसकट, मामांच्या आग्रहाखातर भिंतीवरच ठेवली. मामांचा जीव भांड्यात पडला.

निघताना चहा देत मामीने शांतपणे विचारलं, "त्या जुन्या पेटीला आता हात लावला तर चालेल ना?"

भाची चाचरली. "चालेल. का गं?"

"मुंग्या काही विजेसाठी रांग लावत नाहीत."

काही दिवसांनी भाची मीटर बघायला आली. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली कामाला लागणारी किती याचा आकडा, एकाच्या अगदी जवळ जाऊन टेकला होता; येरझाऱ्या जवळपास थांबल्या होत्या. मामा मात्र जुन्या पेटीपाशी तोंड वाकडं करून काहीतरी चावत उभे होते. मामीने क्रीमची बिस्किटं काढून तिथे पुठ्ठ्यासारखी कोंड्याची भरली होती. तक्रार करायची तर चोरी कबूल करावी लागणार.

"काम झकास झालंय तुझं," मामा कसाबसा घास गिळत म्हणाले आणि पुडा तिच्यापुढे धरला. "घे, तूही खा."

मामी दारातून बघत होती. भाचीने मुकाट्याने दोन खाल्ली.