पुलापलीकडचे चार किलोमीटर

"अजून आली नाही," रॉय म्हणाला.

"दिसतंय मला," लोर्ना म्हणाली.

सायकलचे बूट घालून ती स्वयंपाकघराच्या फरशीवर उभी होती. त्या बुटांच्या तळाशी पुढच्या बाजूला पॅडलमध्ये अडकणारा तुकडा असतो, त्यामुळे उभं राहिलं की बोटं वर आणि टाचा खाली जातात. तसं उभं राहून कुणाची वाट बघणं चांगलंच दमवणारं असतं. तिचा नवरा रॉय खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होता. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा डावा हात आणि डावा पाय नेला होता, जीभ थोडी जड केली होती, पण नजर आणि तिरकसपणा दोन्ही शाबूत होते. शेजाऱ्यांच्या विलोच्या झाडाकडे बघून तो वारा सांगायचा.

"काडी हलत नाही आज," तो म्हणाला. "आजचा दिवस तुझा होता बघ."

होता खरा. गुरुवारी दहा ते साडेबारा, घरोघरी आजाऱ्यांची देखभाल करणारी बेव्ह येऊन रॉयजवळ बसायची. आठवड्यातले तेवढे अडीच तास लोर्नाचे. विम्बर गावातून निघून नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन परत यायला तिला दोन तास दहा मिनिटं लागत. पुलापलीकडे चार किलोमीटरवर हॅडर्स एंडच्या फाट्यावरची जुनी दिशापाटी. तिथवर जाऊन यायला आणखी वीस मिनिटं. म्हणजे बरोबर अडीच तास, तेही वारा नसेल तरच. इकडच्या सपाट मुलखात चढ नसतो, वारा असतो, आणि वाऱ्याची देवघेव कधी बरोबरीची नसते. जाताना पाठीशी राहून तो जेवढी मिनिटं वाचवतो, त्याहून जास्त येताना समोरून काढून घेतो. लोर्नाने हे शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस असताना मुलांना फळ्यावर मांडून दाखवलं होतं. मुलांना पटलं नव्हतं. ती मुलं सायकल चालवत नव्हती.

दहा वाजून अकरा मिनिटांनी बेव्ह आत आली.

"बटाट्याचं बियाणं नेणारा ट्रॅक्टर, बाई! त्याच्या मागे सापडले ती सापडलेच. तो बाजूला होईना, मला पुढे जाता येईना. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला चर, जाणार कुठे?" अंगातला कोट काढता काढता ती रॉयकडे वळली. "काय राजे, स्वारी कशी आहे?"

"बसलेली आहे," रॉय म्हणाला.

"मग उठवू या की."

"तू साडेबारापर्यंत आहेस ना?" लोर्नाने विचारलं.

"साडेबाराला हललंच पाहिजे गं. एकला त्या आंधळ्या आजोबांचं जेवण असतं. उशीर झाला तर थाळी खिडकीबाहेर टाकतात."

रॉयने उजव्या हाताने गजराचं घड्याळ मांडीवर ओढलं आणि काटा साडेबारावर आणला. दर गुरुवारी तो हे करायचा, आणि लोर्ना दाराबाहेर पडेपर्यंत घड्याळ हातातच धरून ठेवायचा.

रस्ता बांधावरून जातो. दोन्ही अंगांना जमीन रस्त्याहून खाली, नांगरलेली, ओल्या कोळशासारखी काळी. एका शेतात काढायचे राहिलेले, कांद्याच्या पातीसारखे लीक कुजत होते आणि त्यांचा वास तीन किलोमीटर सोबत आला. तिने पाय सैल पडू दिले नाहीत. पुलापाशी पोचली तेव्हा घड्याळात सव्वाअकरा होऊन एक मिनिट झालं होतं. पासष्ट मिनिटांत. नेहमीसारखंच, ना एक जास्त ना एक कमी. परतायला पासष्ट. राहिली नऊ मिनिटं. वीस हवी होती.

पुलापलीकडे रस्ता सरळ जात होता. इतका सरळ की टोकाला तो रस्ता राहतच नव्हता, नुसती एक रेघ.

तिने सायकल वळवली.

त्या दुपारी तिने सायकल संघटनेला दर वर्षी पाठवायचा अर्ज भरला. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सायकल क्लबची शंभर किलोमीटरची फेरी असायची. ती वाट लोर्नाने आखली होती, एकोणीस वर्षांपूर्वी. वळण न् वळण तिचं. वाटेच्या कागदाच्या तळाशी दर वर्षी तिचं नाव छापलं जायचं. फेरीत कुणी मागे धावून बघत नाही. प्रत्येकाला एक कार्ड देतात आणि त्यावर आडवाटेच्या जागांचे साधे प्रश्न असतात. चर्चच्या दाराचा रंग कोणता, पुलावर साल कोणतं कोरलंय. उत्तर बरोबर आलं की माणूस तिथवर गेला होता हे कळतं. तिसरा प्रश्न नेहमी तोच: फाट्यावरच्या पाटीप्रमाणे हॅडर्स एंड किती मैल? साडेतीन.

अर्जावर शेवटची ओळ होती: आयोजकाने या वर्षी संपूर्ण वाट स्वतः सायकलवरून पाहिली आहे.

रॉयला झटका आल्यापासूनचं हे तिसरं वर्ष. तिसऱ्यांदा तिने त्या ओळीखाली सही केली. सही झाली की ती लगेच उठून काहीतरी धुवायला घ्यायची.

"भाड्याची गाडी करून बघून ये एकदा," रॉय म्हणाला.

"सायकलवरून म्हटलंय."

"कोण बघतंय?"

"मी," लोर्ना म्हणाली, आणि पाकीट चिकटवलं.

फेरीच्या रविवारी ती सकाळी आठपासून गावच्या सभागृहात होती. रॉयची खुर्ची सभागृह ऊबदार ठेवणाऱ्या गरम नळांच्या शेजारी लावली. नऊला बत्तीस जण निघाले. मग तिने पाव कापले, बीन्सचे डबे फोडले, चहाचं मोठं भांडं चढवलं. परत यायची शेवटची वेळ तीन चाळीस.

पहिले लोक एकच्या सुमारास आले. वाऱ्याने लाल झालेले चेहरे, कानामागे काळी माती. नॉर्मन क्लबातला सगळ्यांत म्हातारा, एक्याऐंशीचा. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं आणि बाकावर अंग टाकलं.

"वाट लांबवलीस का गं या वर्षी?"

"वाट तेवढीच आहे. तूच आखूड होत चाललायस," लोर्ना म्हणाली.

रॉय कोपऱ्यातून हसला. नॉर्मनही हसला, पण तिच्याकडे न बघता. तिने कार्ड पाहिलं. साडेतीन. शिक्का मारला. पुढचं. साडेतीन. त्याच्या पुढचं. कुणी शब्दात, कुणी आकड्यात, सगळीकडे साडेतीन. तिला बरं वाटत होतं. आपण गेलो नाही तरी ती पाटी तिथे आहे, आणि हे सगळे एकामागून एक तिच्याखाली थांबून आले आहेत.

तीन चाळीसला सेक्रेटरी डेनिसने दाराशी जाऊन घड्याळ बघितलं. एकतीस कार्डं झाली होती.

"ती नवीन पोरगी राहिली," तो म्हणाला. "लिथुआनियाची. भाजी भरायच्या कारखान्यात आहे, रासा नाव. सायकल बरी चालवते. येईल, नाहीतर फोन करेल."

ती आली तेव्हा तीन बावन्न झाले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातमोज्याचं बोट फाटलेलं. तिने कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं.

"मला उशीर झाला, बाई. माहीत आहे मला. फक्त एक विचारायचं होतं." तिचे शब्द सावकाश येत होते, जोखून मांडल्यासारखे. "तिसरा प्रश्न. मी चुकीच्या फाट्यावर गेले का?"

लोर्नाने कार्ड उलगडलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: पाटी नाही. कापलेला खुंट आहे.

"मी मागे गेले, पुढे गेले. मला वाटलं फाटा दुसरा असेल. दोन्ही बाजूंना बघितलं, चरात पण उतरले. वीस मिनिटं गेली. मग जे दिसलं ते लिहिलं."

सभागृहात चमच्यांचा आवाज थांबला होता. लोर्नाने वर पाहिलं. एकतीस जण, त्यातला कुणी ताटात बघत होता, कुणी बुटात. नॉर्मन मिशीवरचे बीन्स पुसत होता, मिशीवर काही नसताना.

"डेनिस," ती म्हणाली. "आत ये जरा."

सामानाच्या खोलीत घड्या केलेल्या खुर्च्यांच्या मधोमध दोघं उभे राहिले.

"तिथे पहिल्यांदा मीच पोचलो," डेनिस म्हणाला. "ताजा नाही गं तो खुंट. वर शेवाळ आलंय. मागच्या उन्हाळ्यातच कधीतरी काढली असणार पाटी. मग पुढच्या चहाच्या थांब्यावर मी सगळ्यांना सांगितलं, साडेतीनच लिहा. ही पोरगी तिथे थांबलीच नाही. पाव घरून आणला होता तिने."

"म्हणजे सगळ्यांना कळलं."

"अगं, कळायचं काय त्यात?" तो थांबला. "आधीच माहीत होतं. गुरुवारी तू कुठपर्यंत जातेस हे अख्ख्या विम्बरला माहीत आहे, लोर्ना. कुणाला काही वाटत नाही. वाट तुझी आहे."

इतकी वर्षं लोर्नाची समजूत होती की आपण खोटं बोलतो आणि ते आपण एकटीने उचललंय. ते एकतीस जणांत वाटलेलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते तिच्याभोवती, तिला लागणार नाही असं, हलक्या हाताने रचून ठेवलं होतं.

"पोरीचं काय?" तिने विचारलं.

"तीन अडतीस लिही आणि मार शिक्का. विषय संपला."

"ती तीन अडतीसला आली नाही."

"मग बाद. नियम आहे."

"आयोजकाच्या चुकीने वेळ गेला तर तो वेळ परत देता येतो. तोही नियमच आहे."

"त्याला अहवालात कारण लिहावं लागतं." डेनिसचा आवाज खाली आला. "पाटी नाही हे तुला का माहीत नव्हतं, ते लिहावं लागेल. ते वाचल्यावर वाट ठेवतील तुझ्याकडे? अगं, जरा विचार कर. एक शिक्का तर आहे."

"तिने खरं लिहिलंय, डेनिस. बत्तीस जणांत एकटीने. आणि मी तिला खोटी वेळ देऊ?"

बाहेर येऊन ती टेबलाशी बसली. रासा तशीच उभी होती, चिखल फरशीवर पडू नये म्हणून पायपुसण्यावर. लोर्नाने कार्डावर खरी वेळ घातली, तीन बावन्न. शेजारी लिहिलं, वीस मिनिटं वजा. शिक्का मारला.

"तू चुकीच्या फाट्यावर गेली नव्हतीस," ती म्हणाली. "फाटा बरोबर होता. बस, बीन्स गरम आहेत."

मग तिने अहवालाचा कागद ओढला आणि शेरा या शब्दापुढे लिहिलं: हॅडर्स एंडची पाटी अस्तित्वात नाही. आयोजकाने पुलापलीकडची वाट तीन वर्षांत पाहिलेली नाही. खाली सही केली, आणि या वेळी उठून काही धुवायला गेली नाही.

गरम नळांजवळून रॉय तिच्याकडे बघत होता. घरी जाताना, खुर्ची ढकलत ती गिरणीच्या वळणावर आली तेव्हा तो म्हणाला, "माझ्यामुळे."

"पाटी तू कापलीस?"

"लोर्ना."

"थंडी वाजतेय का? मफलर घे वर."

गुरुवारी संघटनेचं पत्र आलं, सभ्य भाषेतलं. पुढच्या वर्षापासून वाटेची जबाबदारी दुसऱ्या सभासदाने घ्यावी, आणि आपल्या एकोणीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार. तिने ते ब्रेडच्या डब्याखाली ठेवलं. बेव्ह दहाला पाच मिनिटं असतानाच आली. विलोची काडी हलत नव्हती.

लोर्नाने बूट चढवले. रॉयच्या मांडीवर घड्याळ होतं. त्याने ते उजव्या हाताने उचललं, क्षणभर धरलं आणि काट्याला हात न लावता खिडकीच्या फळीवर ठेवून दिलं.

"आज लावत नाही," तो म्हणाला. "जा लांब."

"राजे आज उदार झाले!" बेव्ह म्हणाली. "मी मात्र साडेबाराला निघणार हं, बाई."

"माहीत आहे," लोर्ना म्हणाली.

बांधावरून जाताना बटाट्याच्या सरी आता नीट आखलेल्या दिसत होत्या. वारा नव्हता. पुलापाशी ती पोचली तेव्हा अकरा वाजले होते. हातात एकोणनव्वद मिनिटं होती. नाही, नव्वद. तिने दोनदा मोजलं. खुंटापर्यंत जाऊन, त्यावर हात ठेवून, परत येऊनही पाच मिनिटं उरत होती.

ती एक पाय टेकवून थांबली. पलीकडे रस्ता होता तसाच होता.

पुलाच्या अलीकडे रस्त्याकडेच्या गवतात एक अर्धवर्तुळ पडलेलं होतं. हात-दोन हात रुंदीचं, बोटभर खोल, आत नुसती काळी माती. गवत एका चाकाने मरत नाही. एकदा दबतं, पुन्हा उठतं. दर आठवड्याला एकदा, त्याच जागी, तीन वर्षं, म्हणजे दीडशे वेळा. मग ते उठायचं सोडून देतं. लोर्नाने आजवर ते पाहिलं नव्हतं. वळताना तिची नजर नेहमी घड्याळावर असायची.

एक टिटवी ओरडत शेतावरून फिरून गेली. मग तिने पाय पॅडलवर ठेवला, आणि पुढचं चाक आपसूक त्या मातीत उतरून घराकडे वळलं.