बकरीचा उपास

टण्ण! बकरीनं रिकामं घमेलं लाथेनं उडवलं आणि सकाळपासून मुकं पडलेलं घर दचकलं.

"गप गं मेले," भिंतीला टेकलेल्या वर्दाआजी पुटपुटल्या. "राजाची आज्ञा आहे. माणसांनी खायचं नाही, जनावरांनीही नाही."

"आई, नीनवेचा तो राजा मरून अडीच हजार वर्षं झाली," समोरच्या भिंतीला टेकलेला त्यांचा मुलगा सरगोन म्हणाला.

"राजा मेला असेल. आज्ञा कुठं मेलीय?"

नहरिन दारातून नवऱ्याकडे आणि सासूकडे आळीपाळीनं बघत होती. दोघांचेही ओठ वाळक्या डाळिंबाच्या सालीसारखे झाले होते. योना संदेष्ट्यानं शहर बुडणार म्हणून सांगितलं, तेव्हा पूर्वजांनी उपास करून नीनवे वाचवली. त्याची आठवण म्हणून त्यांच्या वंशजांचं हे ख्रिस्ती गाव दर हिवाळ्यात तीन दिवस उपास धरायचं आणि तिसऱ्या दुपारी चर्चची घंटा झाली की सोडायचं; आज तिसरा दिवस होता. बाकीची घरं संध्याकाळी हळूच चार घास खात. या घरात मात्र यंदा मायलेकांनी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, कारण सरगोनच्या ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा निकाल याच आठवड्यात यायचा होता. सरगोनचा उपास व्हिसा मिळावा म्हणून. आजींचा, मिळू नये म्हणून.

तसे आजींनी तीन मुलगे वाढवले, तिघांना जुन्या नीनवेच्या सम्राटांची, देवांची नावं दिली. सन्हेरिब सिडनीत टॅक्सी चालवत होता. अशूर स्वीडनमध्ये पिझ्झा भाजत होता. ज्या नावांनी एके काळी यरुशलेमला कापरं भरलं, ती आता विमानतळावर दोन-दोनदा स्पेलिंग सांगत होती. उरला हा सरगोन, गावाचे पंप दुरुस्त करणारा.

"आई, घोटभर पाणी घ्या. गोळी राहिलीय," नहरिन म्हणाली.

"आधी त्याला पाज."

"आधी तिला," सरगोन म्हणाला.

एवढ्यात अंगणातून कुरुमकुरुम आवाज आला. नहरिनची सहा वर्षांची लेक अर्बेला फ्रॉकच्या ओच्यातून बकरीला जव भरवत होती.

"बुडालं!" आजी ताडकन उठल्या, तीन दिवसांत प्रथमच. "सरगोन, तुझा उपास मोडला! बकरी तुझी आहे."

"माझी? परवापर्यंत तर तुझी होती!"

"विकत कुणी आणली?"

"चारा कोण घालतं? चीज कोण विकतं? शेजारणीला 'माझी बकरी, माझी बकरी' कोण सांगतं?"

चार वर्षं याच बकरीच्या मालकीवरून दोघं भांडत आले होते. आज दोघंही ती एकमेकांच्या दावणीला बांधू बघत होते. नहरिनला हसू फुटलं. तिनं ओढणी तोंडात कोंबली.

"ती माझी आहे," अर्बेला म्हणाली. "आणि मी सकाळी दोन अंडी खाल्लीत."

आजींनी कपाळावर हात मारून घेतला. त्या मटकन खाली बसल्या. तेवढ्यात चर्चची घंटा झाली. दुपार. उपास सुटला.

नहरिननं दोन पेले भरून दोघांच्या हाती दिले. कुणीच तोंडाला लावेना. मग आजींनी आपला पेला मुलाच्या ओठांना टेकवला.

"पी. तिकडं कोण पाजणार आहे तुला असं?"

सरगोन प्याला. मग त्यानं आपला पेला आईच्या तोंडाशी नेला. पेला इतका कलला, की अर्धं पाणी तिच्या छातीवरच सांडलं.

"जन्मभर पंप दुरुस्त केले," आजी डोळे पुसत म्हणाल्या, "आणि पाणी कुठं सोडायचं ते अजून कळत नाही!"

दोघं हसले. एकमेकांकडे मात्र बघेनात.

नहरिन जमीन पुसायला वाकली. तिनंही तीन दिवस काही खाल्लं नव्हतं, पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. अर्बेला तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि कानाशी येऊन म्हणाली,

"आई, बाबांनी जायचं मागितलं. आजीनं राहायचं मागितलं. तू काय मागितलंस?"