तलाव रिता करणारा व्हॉल्व्ह

मी एक व्हॉल्व्ह आहे. पाणी अडवणं आणि पाणी सोडणं एवढंच माझं काम. अंग पितळेचं, चाक होतं ताटाएवढं आणि लाल. शहराच्या पोहण्याच्या तलावाशेजारी पंपाची खोली आहे, तिथे गेली सहा वर्षं मी बसलोय. समोरच्या जाळीच्या खिडकीतून तलाव दिसतो.

पितळ वितळवून ओततात त्या ओतशाळेत माझ्याबरोबर माझे चाळीस भाऊ निघाले. ते सगळे कुठे कुठे रोजच्या कामाला लागले. मी मात्र आजवर एकदाच उघडलो. पण ते एकदाच पुरे झालं.

रस्ता ओलांडला की डेटा सेंटर. बिनखिडक्यांची लांबलचक इमारत. आत कपाटांसारखी मशिनं, आणि त्या मशिनांत दवाखान्याचे कागद, शाळांचे निकाल, अँब्युलन्सला जाणारी हाक. सतत गुणगुणते म्हणून लोकांनी तिचं नाव ‘गुणगुणी’ पाडलं.

सुरुवातीला ती कुणालाच नको होती. “आमचं पाणी पिणार, आणि आम्हाला काय, तर आवाज?” लोक भांडले, बैठका झाल्या. शेवटी मार्ग निघाला. शहराने आपलं सांडपाणी शुद्ध करून मशिनं थंड करायला द्यायचं. मशिनांची ऊब पाइपातून तलावाला मिळायची. आणि कधी तिकडे पाण्याची अडचण झालीच, तर तलावाचं पाणी देता यावं म्हणून एक जादा पाइप टाकला. त्या पाइपाच्या तोंडाशी मी.

मला बसवलं ते मिस्त्रींनी. नगरपालिकेचे प्लंबर. बोलणं कमी, हात मात्र असे, की गळका नळ त्यांना बघूनच गप्प बसावा. त्यांची बायको शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली होती. जमिनीवर काठी घेऊन चार पावलं टाकली की घामाघूम. पण कोमट पाण्यात उतरली की तिचं अंग हलकं व्हायचं. व्यायाम घेणाऱ्या ताई शेजारी उभ्या राहत आणि बाई एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चालत जायची. मिस्त्री खिडकीशी उभे राहून बघत. पंप बघायचं निमित्त असायचं. तिचा टॉवेल माझ्या चाकावर वाळत पडलेला असायचा.

“आज कडेला हात न लावता गेले,” ती एकदा ओरडून म्हणाली. “बघितलंत का?”

“नाही बुवा, मी कामात होतो,” मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग तो उन्हाळा आला. धरण तळाला गेलं. पाऊस पडेपर्यंत तलावात नवं पाणी भरायचं नाही, आहे तेच गाळून वापरायचं, असा हुकूम निघाला. त्यातच एके दुपारी रस्ता खणणाऱ्या यंत्राचा दात गुणगुणीच्या पाण्याच्या पाइपावर बसला. पाइप उभा चिरला.

गुणगुणीच्या इंजिनिअर बाई रस्ता ओलांडून धावत आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, पायांत एकच चप्पल.

“मिस्त्री, टाकीत पाऊण तासाचं पाणी उरलंय. पाइप जोडायला संध्याकाळ होईल. तोवर मशिनं तापून बंद पडतील.”

“बंद पडली तर?”

“अँब्युलन्सचा फोन लागणार नाही. दवाखान्यात कुणाला कसलं औषध चालत नाही, ते डॉक्टरांना दिसणार नाही.”

मिस्त्रींनी माझ्या चाकावर दोन्ही हात ठेवले. आणि थांबले. खिडकीपलीकडे बाई पाण्यात छातीएवढी उभी होती. मला उघडलं की तलाव कोरडा. पाऊस अडीच महिने लांब. त्यांच्या तळहातांना घाम फुटला होता.

बाईने सगळं ऐकलं होतं. तिने ताईंचा हात सोडून काठ धरला.

“अहो, उघडा की.”

“अगं, तुझं काय?”

“माझं काय? मी काय पळून चाललेय? मला धड चालता तरी येतंय का?” ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, “उघडा. मी पडले तेव्हा अँब्युलन्स वेळेवर आली होती. विसरलात?”

तिला बाहेर घेतलं. मग मिस्त्रींनी मला फिरवलं. सहा फेरे. माझ्या पोटातून पाणी धडधडत तिकडे निघालं. बाई काठावर ओल्या कपड्यांनी बसून राहिली. पाणी पायरी पायरीने उतरत गेलं, तळाच्या निळ्या फरश्या उघड्या पडल्या.

गुणगुणी बंद पडली नाही.

तिथले लोक उपकार विसरले असं मी म्हणणार नाही. इंजिनिअर बाईंनी मशिनांची गरम हवा बाहेर पडते तिथे एक खोली रिकामी करून घेतली, खुर्च्या टाकल्या, रोज गाडी पाठवून बाईला नेलं. तिथे शेक मिळायचा. पण हवा शेक देते, माणसाला पेलत नाही. बाईचे स्नायू आखडत गेले. चार पावलांची दोन झाली, मग ती खुर्चीतून उठेनाशी झाली.

पाऊस पडला. तलाव भरला, ऊब आली, मुलांचा कालवा सुरू झाला. बाईला दोघांनी धरून पाण्यात उतरवलं. पाय खाली लोंबत राहिले. तिने एकदा जोर लावला, दोनदा लावला.

“राहू दे, ताई,” ती म्हणाली. “पाणी छान कोमट आहे.”

त्यानंतर ती आली नाही. थंडीत तिला दुसरा झटका आला. अँब्युलन्स तेव्हाही वेळेवर पोचली. पण बाई वाचली नाही.

तेरावं झाल्यावर मिस्त्री कामावर आले. पाठोपाठ इंजिनिअर बाई आल्या, दाराशीच उभ्या राहिल्या.

“त्या दिवशी मी आले नसते तर...”

“आलात तुम्ही, उघडा म्हणाली ती, फिरवला मी,” मिस्त्री म्हणाले. “आता वाटण्या करून कुणाच्या पदरात किती घालायचं? बसा.”

त्या बसल्या आणि रडल्या. मिस्त्रींनी त्यांना पाणी दिलं. ते स्वतः तेव्हाही रडले नाहीत. त्या गेल्यावर मात्र कपाळ माझ्या चाकाला टेकवून बराच वेळ उभे राहिले.

पुढच्या वर्षभरात इंजिनिअर बाईंनी वरिष्ठांशी भांडून गुणगुणीसाठी मोठी टाकी बांधून घेतली. जमिनीखाली, दोन दिवस पुरेल एवढी. तलावाच्या पाण्याला पुन्हा हात लावायचा नाही, असं कागदावर लिहून घेतलं. म्हणजे माझं काम संपलं.

गेल्या आठवड्यात मिस्त्री निवृत्त झाले. शेवटचं काम म्हणून त्यांनी माझं चाक काढलं, तोंडाला झाकण ठोकलं, आणि नव्या प्लंबरला सांगितलं, “हा इथेच राहू दे. भंगारात घालू नकोस.”

“ठेवून उपयोग काय, काका?”

“उपयोग नाही. तरी राहू दे.”

आता माझ्यावर हिरवट थर चढतोय. पलीकडे पाणी उभं आहे, कोमट आहे. सकाळी नऊ-दहा माणसं व्यायामाला उतरतात. त्यांतल्या निम्म्यांना ऊब कुठून येते ते ठाऊक नाही, आणि एकदा हे कोमट पाणीच कुणी देऊन टाकलं, हे तर कुणालाच नाही. त्यांना नका सांगू. सुखाने उतरू देत. माझी विनवणी वेगळीच आहे. तलावामागच्या घरात मिस्त्री एकटेच राहतात. कधी तुमचा नळ गळत असेल, तर त्यांना बोलवा. गळत नसेल, तरी बोलवा.