एकमताने नामंजूर

बँकेतल्या पोरसवदा अधिकाऱ्याने फाइल मिटली आणि म्हणाला, "काका, तुमचं घर एकदम चांगलं आहे. आजारी आहे ती तुमची सोसायटी."

"या बाई कर्ज घरावर मागतायत, सोसायटीवर नाही," मी म्हणालो.

"घर हवेत लटकलेलं नसतं ना, काका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शेजारी आमचं घर घ्यायला निघालेली नर्सबाई बसली होती, म्हणून जीभ आवरली. तिच्यासाठी ही दुसरी बँक. पहिलीने कारण न सांगताच हात वर केले होते. याने निदान वाचून दाखवलं. लिफ्ट दीड वर्ष बंद, गच्ची गळते, सहा घरांचा मेंटेनन्स थकलेला आणि दुरुस्ती निधी नावालासुद्धा नाही.

"उद्या मोठा खर्च निघाला की तो या ताईंच्या बोकांडी बसणार. मग आमचा हप्ता त्या कुठून भरणार? आणि निधीचं म्हणाल, तर अकरा वर्षांपूर्वी ठराव आला होता. सभेच्या इतिवृत्तात आहे. 'एकमताने नामंजूर.' विरोधाची सूचना मांडणारे..." तो अडखळला. "तुम्हीच आहात, काका."

मीच होतो. तीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होतो. चिठ्ठीशिवाय एक नट कुणाला दिला नाही. त्या सभेत उठून म्हणालो होतो, "इमारत काय आज पडत नाही!" काय हशा पिकला होता! पुढे दरवर्षी सेक्रेटरी तोच विषय काढायचा आणि दरवर्षी लोक माझ्याकडे बघायचे, की आता काका बोलतील. मी बोलायचो. आख्ख्या रस्त्यात सगळ्यांत कमी मेंटेनन्स आमचा, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगत असे.

"लिफ्ट चालू करा, निधीचा ठराव करून आणा, मी फाइल पुन्हा वर पाठवतो," अधिकारी म्हणाला.

"मी महिनाअखेरपर्यंत थांबते, काका," नर्सबाई उठता उठता म्हणाली. "मग मात्र दुसरं बघावं लागेल." तिची काहीच चूक नव्हती, म्हणून तर जास्त चिडचिड झाली.

घर विकायची मला हौस नव्हती. आम्ही चौथ्या मजल्यावर, आणि बायकोचे गुडघे गेलेले. लिफ्ट बंद पडल्यापासून ती एकदाच खाली उतरली, दाढ काढायला, तीही दोघांनी खुर्चीत बसवून उतरवली म्हणून. मुलीच्या घराजवळ तळमजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. दारासमोर एक बाक आहे. हिने मुलीकडून त्या बाकाचा फोटो मागवला होता आणि रोज सकाळी चष्मा लावून तो बघायची. हे घर विकलं तरच ते घर.

आठ दिवस मी दारोदार फिरलो. सेक्रेटरीच्या मागे लागून खास सभा बोलावली. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मेंटेनन्स वाढवा म्हणून भाषण केलं. गच्ची, लिफ्ट, बँक, सगळं सांगितलं. "आज माझं घर अडलंय, उद्या तुमचं अडेल," असंही म्हणालो.

तळमजल्यावरचा शिंपी आळस देत म्हणाला, "काका, इमारत काय आज पडत नाही!"

तोच हशा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. चिडणार तरी कुणावर? तरी चिडलो. "तुला लिफ्ट कशाला लागतेय रे!" म्हणून ओरडलो, आणि जे दोघे-तिघे माझ्या बाजूने येतील असं वाटत होतं, त्यांनीही माना खाली घातल्या. सेक्रेटरीने हात मोजले. मोजण्यासारखं काही नव्हतंच.

चार मजले चढून वर आलो तेव्हा ही दाराशीच खुर्ची टाकून बसली होती.

"हसण्याचा आवाज वरपर्यंत आला," ती म्हणाली. "किती हात?"

"एक. माझाच."

"त्या वेळीही एक होता."

"कधी?"

"अकरा वर्षांपूर्वी. मी वर केला होता. तुम्ही तो धरून खाली ओढलात आणि सगळ्यांना म्हणालात, 'एका घराचं एकच मत, आणि ते माझ्याकडे आहे.' तेव्हाही लोक असेच हसले होते."

मला आठवलं. हात ओढल्यावर ती मांडीवर हात ठेवून सभा संपेपर्यंत खाली बघत बसली होती. आणि मला वाटलं होतं, तीही हसतेय.

भांडली असती तर मीही भांडलो असतो. तिने फक्त फोन माझ्यापुढे धरला. त्यावर बाकाचा फोटो तसाच होता.

"त्या नर्सबाईला आजच कळवा," ती म्हणाली. "उगाच आशेवर ठेवू नका कुणाला."